उलाळ गाडी

"ओढेल का, तेवढंच सांगा बाबा. झेपत नसेल तर दुसरी गाडी बघतो."

हसनबाबा पिराच्या ओट्यावर बसले होते. ते जीपकडे बघत नव्हते. जीपच्या मागे जोडलेल्या पत्र्याच्या खोलीकडेही बघत नव्हते. दोन्हींच्या मधे जी लोखंडी दांडी होती, तिच्याकडे बघत होते.

कर्णिकांना ते बघणं आवडलं नाही.

घाट तिथूनच सुरू होत होता. पिराच्या ओट्यापासून चार पावलांवर रस्ता खाली वळायचा आणि दिसेनासा व्हायचा. दुपारचे तीन वाजले होते, तरी दरीतून धुकं वर येत होतं. खाली कुठेतरी एक ट्रक भोंगा वाजवत होता. तो वर चढतोय की खाली उतरतोय, काही केल्या कळत नव्हतं.

हसनबाबांनी तरुणपणी याच घाटाने बैलगाडीतून लाकूड उतरवलं होतं. पुढे बैल गेले, गाडी गेली, आणि बाबा या ओट्यावर येऊन बसले. आता गाडीमागे काही जोडून आणणारा कुणीही इथे थांबायचा. बाबा जोडावर हात ठेवायचे. 'जा' म्हणायचे, नाहीतर 'थांब'. एकदा एकजण 'थांब' ऐकून हसला होता, आणि गेला होता. त्याच्या गाडीचं दार अजून सहाव्या वळणाखाली करवंदीच्या जाळीत अडकलेलं दिसतं.

हे सगळं कर्णिकांना चहाच्या टपरीवर कळलं होतं. "असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही," असं ते तिथे चारचौघांत म्हणाले होते.

आणि तरीही थांबले होते.

"तीस वर्षं कारखान्यात फोरमन होतो मी," ते आता म्हणाले. "जीपची ताकद किती, खोलीचं वजन किती, सगळं मांडलंय. हा कागद बघा."

"मला वाचता येत नाही, भाऊ."

"मग वाचून दाखवतो..."

"थांबते का?"

"काय?"

"ओढायचं विचारताय. थांबते का?"

"थांबते की! जीपचे ब्रेक नवे आहेत. खोलीला वेगळे ब्रेक आहेत, मी स्वतः बसवलेत. शिवाय खोलीपेक्षा जीप दीडपट जड आहे."

बाबांनी मान डोलावली. "काम चोख आहे तुमचं."

कर्णिकांना बरं वाटलं.

"मग घाबरलात कशाला?"

"मी? मी कशाला घाबरू?"

...

खरं तर परवा एक प्रकार झाला होता. सरळ, सपाट रस्ता होता, आणि एकाएकी मागची खोली शेपटीसारखी हलायला लागली होती. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे, दर वेळी आणखी लांब. डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली एक बाई भारा टाकून रस्त्याकडेच्या चारीत उडी मारताना त्यांनी आरशात बघितली होती. मग खोली आपोआप शांत झाली. का हलली आणि का थांबली, दोन्ही त्यांना कळलं नव्हतं. जे यंत्र कळत नाही, त्याची त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भीती वाटत होती.

"वारा होता," असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं.

"बरं," इंदुमतीबाई म्हणाल्या होत्या. त्यानंतर त्या फारसं बोललेल्याच नव्हत्या.

मागे फिरायची सोय नव्हती. घाटाखाली लेकीचं घर होतं. तिचे दिवस भरत आले होते, आणि तिचं घर दीड खोलीचं. म्हणून तर ही चाकांवरची खोली घेतली होती. पूर्वी रस्त्याच्या कामावर कुणी इंजिनिअर तिच्यात राहायचा. लेकीच्या अंगणात उभी करायची आणि चार महिने राहायचं, असा बेत होता.

"आत कोण बसतं?" बाबांनी विचारलं.

"ही बसते. अगदी मागे खाट आहे, तिच्यावर. हिची पाठ धरते ना, तेवढाच आराम."

इंदुमतीबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

"आणि सामान?"

"तेही मागे. पाण्याची टाकी, तांदळाचं पोतं, शेगडी. मुद्दाम मागे ठेवलंय, बाबा. जीपवर भार नको पडायला." कर्णिक थोडे हसले. "हे कुणाला सुचत नाही."

"नाही सुचत," बाबा म्हणाले.

मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "चाकांना दगड लावा. जोड सोडा. आणि जरा आत जाऊन बसा. खाटेवर."

"मी?"

"तुम्ही."

कर्णिकांनी दगड लावले, जोड सोडला. बाबांनी दांडीवर तळवा ठेवला. कर्णिक आत गेले आणि दार लावून घेतलं.

आत अंधूक होतं. खिडकी एकच, तीही मागे. तिच्यातून आलो तो रस्ता दिसत होता, पुढचं काहीच दिसत नव्हतं. ते खाटेवर बसले. खाटेखाली काहीतरी चमकलं म्हणून वाकून बघितलं, तर हिरव्या काचा होत्या. बांगड्यांच्या.

आणि खोली उलटली.

म्हणजे पूर्ण उलटली नाही. पण पायाखालची जमीन वर गेली आणि पाठीमागची भिंत खाली गेली. टाकीतलं पाणी धाडकन मागे आदळलं. पेला घरंगळत आला, शेगडी अंगावर आली. कर्णिक खाटेच्या कोपऱ्यात दुमडले गेले. खिडकीत रस्ता नव्हता आता, नुसती माती होती.

"बाबा!"

...

"बाबा! अहो, धरा! कुणीतरी धरा!"

त्यांनी भिंतीवर मुठी आपटल्या. पत्रा दणाणला. बाहेर कुणी हललं नाही. घाट चार पावलांवर होता, आणि दगड आपण नीट लावले होते की नाही, ते त्यांना आठवेना.

शेवटी ते चार पायांवर रांगत दारापर्यंत आले आणि बाहेर पडले.

दगड जागच्या जागी होते. दांडी आभाळाकडे तोंड करून उभी होती. बाबा ओट्यावर बसले होते, खोलीकडे पाठ करून.

"काय केलंत हे?"

"काही नाही. हात काढला."

"हाका मारत होतो मी!"

"ऐकल्या."

"मग?"

"पुढे बघत होतो," बाबा म्हणाले.



इंदुमतीबाई हळूच म्हणाल्या, "परवा मीही मारत होते."

कर्णिकांनी त्यांच्या हातांकडे बघितलं. डाव्या हातात पाच बांगड्या होत्या. उजवा हात मोकळा होता.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, वारा होता."

...

बाबांनी वर उभ्या दांडीकडे बोट केलं.

"आमच्यात याला उलाळ गाडी म्हणतात, भाऊ. मागे भार फार झाला की जू बैलांच्या मानेवरून उचलतं. बैलांना वाटतं, सुटलो. उतार लागेपर्यंत तसंच वाटत राहतं."

"आणि उतार लागला की?"

बाबांनी दरीकडे बघितलं. "मग बैल गाडीला नेत नाहीत, गाडी बैलांना नेते."

कर्णिक कामाला लागले. टाकीचं पाणी सोडून दिलं. तांदळाचं पोतं, शेगडी, भांड्यांची पेटी, एकेक करून पुढच्या भिंतीशी आणून बांधलं. दांडी आता खाली येऊन टेकली होती; ती उचलायला गेले, तर एका हाताने उचलेना. दोन्ही हातांनी, दात आवळून त्यांनी ती जीपवर चढवली. जीप मागून दोन बोटं दबली.

"भार आला हो जीपवर," ते म्हणाले.

"आला."

बाबांनी जोडावर हात ठेवला. पण 'जा' म्हणाले नाहीत.

"आता काय राहिलं, बाबा?"

"लेकी," बाबा इंदुमतीबाईंना म्हणाले, "तू पुढे बस."

"पुढे नको," कर्णिक पटकन म्हणाले.

"का?"

"हिची पाठ..."

बाबांनी जोडावरचा हात काढला नाही. धुकं ओट्यापर्यंत आलं होतं.

"पुढे बसली की ओरडते," कर्णिक खालच्या आवाजात म्हणाले. "वळण आलं की माझा दंड धरते. मग माझंच काळीज लटपटतं, बाबा. मला चालवता येत नाही."

"म्हणून मागे?"

...

"म्हणून मागे."

इंदुमतीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मला वाटलं, माझ्या पाठीसाठी," त्या म्हणाल्या. रागावून नाही. नुसतं, वाटलं होतं तसं सांगितलं.

कर्णिकांनी मान खाली घातली. मग जाऊन जीपचं डावीकडचं दार उघडलं. सीटवर कागद होता, तो चुरगळून खिशात घातला. खोलीतून गोधडी आणली, तिची घडी करून पाठीशी लावली. "बस," म्हणाले.

त्या बसल्या. कर्णिक शेजारी येऊन बसताच त्यांनी कर्णिकांचा दंड धरला. अजून गाडी सुरूसुद्धा झाली नव्हती.

कर्णिकांनी किल्ली फिरवली. पुढे दहा हात रस्ता दिसत होता, त्यापुढे नुसतं पांढरं. बायकोच्या बोटांची थरथर त्यांच्या दंडातून खाली मनगटात उतरली, मनगटातून स्टिअरिंगच्या चाकावर.

त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाबा, हात कापतायत माझे. दुसरी गाडी बघू का?"

हसनबाबांनी जोडावरचा हात काढून घेतला.

"आला भार तुमच्यावरही. आता हीच पुरेल."