अर्थची वायर

सभापती आनंदराव भोईटे यांच्या प्रचाराच्या जीपमध्ये त्यांचं भाषण लावलं, की मागे 'कूंऽऽ' असा सूर लागायचा. अॅक्सिलरेटर दाबला, की तो आणखी चढायचा. तीन ठिकाणी स्पीकर बदलून झाल्यावर जीप वायरमन हसन तांबोळींच्या दारात आली.

"माझं भाषण एवढं खणखणीत," सभापती गरजले, "त्यात कमी काय पडतंय ते एका शब्दात सांगा. नाहीतर उद्या या चौकात तुमचं दुकान दिसणार नाही."

तांबोळींनी डोळे मिटून सगळं भाषण ऐकलं. मग म्हणाले, "अर्थ."

जमलेली माणसं गालात हसली. सभापती लालबुंद झाले.

"अर्थची वायर म्हणतोय, साहेब. ती पत्र्याला नीट टेकलेली नाही, म्हणून इंजिनाची कुरकुर तुमच्या आवाजात शिरते."

त्यांनी पत्र्यावरचा रंग खरवडून वायर आवळली. कुरकुर थांबली. भाषणाचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला, तरी चौकात कुणी मान डोलावली नाही.

सभापतींचा आवाज उतरला. "लोक असे गप्प का हो?"

तांबोळी हात पुसत म्हणाले, "गाडीचा अर्थ मी लावून दिला, साहेब. भाषणाचा तेवढा तुम्ही लावा."