नारळाएवढं आजोबांना, बोराएवढं टिक्कूला

एक होता समुद्र. मोठ्ठा!
एक होता खेकडा. एवढुस्सा!
समुद्राचं नाव समुद्र. खेकड्याचं नाव टिक्कू.

टिक्कूच्या नांग्या टणक. टिक्कूचे पाय टणक. पण शेपटी? शेपटी मऊ मऊ, लोण्यासारखी. अशी शेपटी उघडी कशी ठेवायची? म्हणून टिक्कू राहायचा शंखात. शेपटी आत, नांग्या बाहेर. टिक्कू चालला की घरही चाललं. ना कुलूप, ना किल्ली!

आता हा शंख काही टिक्कूनं केला नव्हता बरं का. तो केला होता समुद्रातल्या एका गोगलगायीनं. गोगलगाय गेली, घर रिकामं राहिलं, टिक्कू राहायला आला. घर केवढं? वाटाण्याएवढं. आणि ऐट केवढी? विचारू नका!

एक दिवस लाट आली. सळ्ळ!
लाटेनं टिक्कूला उचललं. खडकावर टाकलं. धप्प!
टिक्कूला काही झालं नाही. पण शंख? टिच्!
दोन तुकडे.

"अगं आई गं! माझं घर!"

माडावर बसला होता कावळा. त्यानं मान वाकडी केली.
"काव काव! खाली मऊ मऊ काय दिसतंय?"

टिक्कूनं इकडं पाहिलं. टिक्कूनं तिकडं पाहिलं. वाळूत पडलं होतं शेंगदाण्याचं टरफल. कुणीतरी शेंगा खाल्ल्या, टरफल तिथंच टाकलं. टिक्कूनं शेपटी आत सरकवली. टरफल सैल. वाजतंय खुळ् खुळ्. वारा लागतोय भुर् भुर्.
"चालेल. जरा वेळ चालेल. पण हे काही घर नव्हे!"

तुरु तुरु, खुळ् खुळ्.
तुरु तुरु, खुळ् खुळ्.
टिक्कू निघाला घर शोधायला.

खडकाच्या डबक्यात होता दादा. दादा राहायचा बोराएवढ्या शंखात. दिवसभर नांग्या घासून चकचकीत करायचा.

टिक्कू म्हणाला,
"दादा, दादा, बोराएवढं घर दे.
बोराएवढं टिक्कूला,
मऊ शेपटी झाकायला!"

दादा म्हणाला, "देतो की! का नाही देणार? मलाही हे घट्ट होतंय. काल शिंक आली, तर आतच अडकली! पण मी काय उघडा बसू?
आधी नवं घर, मग जुनं घर!
काकूकडं जा. काकूनं लिंबाएवढं दिलं, की मी बोराएवढं देतो."

कावळा माडावरून उतरला. खडकावर बसला.
"काव काव! शेंग चालतेय? शेंगेला पाय कधी फुटले बुवा?"
टिक्कूनं पटकन पाय आत घेतले. गप्प! आता नुसती शेंग.
"हात्तिच्या," कावळा म्हणाला. "थांबली. चालू दे परत, मग बघतो."

कावळ्यानं पंख खाजवायला मान वळवली, की टिक्कू निघाला.

तुरु तुरु, खुळ् खुळ्.
तुरु तुरु, खुळ् खुळ्.

केवड्याच्या सावलीत होती काकू. काकू राहायची लिंबाएवढ्या शंखात. काकू शेवाळ खात होती. मचक मचक.

टिक्कू म्हणाला,
"काकू, काकू, लिंबाएवढं घर दे.
लिंबाएवढं दादाला,
बोराएवढं टिक्कूला,
मऊ शेपटी झाकायला!"

काकू म्हणाली, "अरे माझ्या राजा, हे काय घालून फिरतोस? टरफल? देते की! का नाही देणार? मलाही हे घट्ट होतंय. जेवले की दारातून आत जाता येत नाही! पण मी काय उघडी बसू?
आधी नवं घर, मग जुनं घर!
मामाकडं जा. मामानं पेरूएवढं दिलं, की मी लिंबाएवढं देते. आणि हे शेवाळ खाऊन जा. रिकाम्या पोटी कुणाच्या दारात जाऊ नये."

टिक्कूनं शेवाळ खाल्लं. मचक मचक.

कावळा खडकावरून उडाला. केवड्यावर बसला.
"काव काव! शेंग चालते ती चालते. वर खाते पण?"
टिक्कूनं पाय आत घेतले. गप्प!
"हात्तिच्या. पुन्हा थांबली!"

तुरु तुरु, खुळ् खुळ्.
तुरु तुरु, खुळ् खुळ्.

ओल्या वाळूवर होता मामा. मामा राहायचा पेरूएवढ्या शंखात. मामा म्हणजे गप्पांचं पोतं! तोंड सैल सुटलं, की भरती येऊन ओहोटी लागली तरी थांबायचा नाही.

टिक्कू म्हणाला,
"मामा, मामा, पेरूएवढं घर दे.
पेरूएवढं काकूला,
लिंबाएवढं दादाला,
बोराएवढं टिक्कूला,
मऊ शेपटी झाकायला!"

मामा म्हणाला, "बस भाच्या, बस. एक गंमत सांगतो. मी तुझ्याएवढा होतो. एक छान शंख दिसला. गुलाबी! मी आधी जुनं घर सोडलं, मग नवं बघायला गेलो. आत कोण होतं, सांग?"
"कोण?"
"आत होती गोगलगाय! जिवंत! 'कोण आहे रे?' म्हणाली. मी आपला उघडा, लाजून लाल! मागं वळलो, तर जुन्या घरात दुसराच येऊन बसलेला. दोन दिवस बाटलीच्या बुचात काढले मी!"
टिक्कू हसला. खुदू खुदू. टरफल वाजलं. खुळ् खुळ्.
"तेव्हापासून सांगतो," मामा म्हणाला. "देतो की! का नाही देणार? मलाही हे घट्ट होतंय. पण मी काय परत उघडा बसू?
आधी नवं घर, मग जुनं घर!
आजोबांकडं जा. आजोबांनी आंब्याएवढं दिलं, की मी पेरूएवढं देतो."

कावळा केवड्यावरून उतरला. वाळूवर आला. टप् टप्.
"काव काव! शेंग हसतेय! हसरी शेंग गोड लागत असेल."
टिक्कूनं पाय आत घेतले. गप्प! पण आता कावळा जवळ होता. अगदी जवळ.
मामानं नांगी उगारली. "ए काळ्या! लांब हो!"
कावळा दोन पावलं मागं गेला. फक्त दोन.

तुरु तुरु तुरु, खुळ् खुळ् खुळ्!
तुरु तुरु तुरु, खुळ् खुळ् खुळ्!

उलट्या होडीखाली होते आजोबा. आजोबा राहायचे आंब्याएवढ्या शंखात. आजोबा झोपले होते. घुर्र... फुस्स. घुर्र... फुस्स.

टिक्कू ओरडला,
"आजोबा, आजोबा, आंब्याएवढं घर द्या.
आंब्याएवढं मामाला,
पेरूएवढं काकूला,
लिंबाएवढं दादाला,
बोराएवढं टिक्कूला,
मऊ शेपटी झाकायला!"

"आं? कोण? आंबा? कुठाय आंबा?" आजोबा जागे झाले.
"आंबा नाही हो आजोबा, घर! आंब्याएवढं घर!"
"असं होय," आजोबा म्हणाले. "देतो की! का नाही देणार? मलाही हे घट्ट होतंय. कूस बदलता येत नाही. पण मी काय उघडा बसू, या वयात?
आधी नवं घर, मग जुनं घर!
किनाऱ्यावर एक शंख होता. नारळाएवढा! तो मी बघूनही ठेवला होता. पण सकाळी पारूनं उचलला. पारूकडं जा. पारूनं नारळाएवढं दिलं, की मी आंब्याएवढं देतो."

पारू म्हणजे कोळ्याची लेक. तिची आई तिकडं जाळं झटकत होती. पारू होडीला टेकून बसली होती. शंख कानाला लावला होता. डोळे मिटले होते.

टिक्कू तिच्या पायाच्या अंगठ्यावर चढला. गुदगुल्या झाल्या.
"कोण रे तू? शेंग?"
"शेंग नाही मी. टिक्कू!
पारू, पारू, नारळाएवढं घर दे.
नारळाएवढं आजोबांना,
आंब्याएवढं मामाला,
पेरूएवढं काकूला,
लिंबाएवढं दादाला,
बोराएवढं टिक्कूला,
मऊ शेपटी झाकायला!"

पारूनं शंख पोटाशी धरला.
"नाही देणार जा! मला सापडलाय. यात समुद्र बोलतो. सूंऽऽ सूंऽऽ. शंख दिला, तर माझ्याशी समुद्र कसा बोलेल?"
तिनं शंख पुन्हा कानाला लावला. मग म्हणाली, "समुद्राला सांग, पारूशी बोल. तो बोलला, की मी देते."

कावळा होडीवर येऊन बसला. टक् टक् चोच घासली.
टिक्कूचं काळीज धडधड. टरफल खुळ् खुळ्. पण टिक्कू थांबला नाही. अंगठ्यावरून उतरला. पाण्यापाशी गेला.

"समुद्रा, समुद्रा, पारूशी बोल.
नारळाएवढं आजोबांना,
आंब्याएवढं मामाला,
पेरूएवढं काकूला,
लिंबाएवढं दादाला,
बोराएवढं टिक्कूला,
मऊ शेपटी झाकायला!"

समुद्र हसला. खळ्ळ खळ्ळ!
"अरे बाळा, मी सकाळपासून बोलतोय! कालही बोलत होतो. घसा बसायची वेळ आली. पण तिनं कान झाकलाय शंखानं. तिला म्हणावं, शंख काढ, मग ऐक!"

टिक्कू धावला. तुरु तुरु, खुळ् खुळ्!
"पारू! समुद्र म्हणतो, शंख काढ, मग ऐक!"

पारूनं शंख काढला. आधी थोडासा. मग पूर्ण.
आणि काय!
धप्पऽऽ! सळ्ळऽऽ! खळ्ळ खळ्ळ! फेस म्हणाला फस् फस् फस्. गोटे म्हणाले गड् गड् गड्.
"अगंबाई! केवढा बोलतो हा! शंखात तर नुसतं सूं सूं!"
पारू खूश झाली. तिनं शंख वाळूत ठेवला.
"घ्या. तुमचंच घर आहे."

टिक्कूनं सगळ्यांना हाक मारली. आजोबा आले. त्यांच्यामागं मामा. मामामागं काकू. काकूमागं दादा. दादामागं टिक्कू. या शंखातल्या खेकड्यांची रीतच आहे तशी. मोठं घर आलं, की रांग लावायची. मोठा पुढं, धाकटा मागं. प्रत्येकानं पुढच्याचं घर धरायचं. ढकलाढकली नाही!

आजोबांनी नव्या घराला एक चक्कर मारली. दुसरी चक्कर मारली.
"दार कुठाय?"
मामा म्हणाला, "दार कुठाय?"
काकू म्हणाली, "अगं बाई, दारच नाही!"
पारूनं शंख उपडा ठेवला होता! दार खाली, वाळूत.

"काव काव!" कावळा खाली आला. टप्. टप्. टप्.

"पारू, उलट कर! लवकर!" टिक्कू ओरडला.
पारूनं शंख उलटा केला. दार वर!
"हां, आता दिसलं," आजोबा म्हणाले. "तयार?"
"तयार!"
"एक... दोन... तीन... सरका!"

सुळ्ळ! आजोबा नारळाएवढ्यात.
सुळ्ळ! मामा आंब्याएवढ्यात.
सुळ्ळ! काकू पेरूएवढ्यात.
सुळ्ळ! दादा लिंबाएवढ्यात.
आणि टिक्कूनं टरफल टाकलं. क्षणभर शेपटी उघडी. वारा भुर् भुर्.
कावळ्यानं झडप घातली. सप्प!
सुळ्ळ! टिक्कू बोराएवढ्यात!

कावळ्याच्या चोचीत आलं काय? टरफल!
कट्! त्यानं चावलं.
"थू थू! रिकामं! सकाळपासून मी टरफलामागं फिरलो?"
"आणि मी टरफलातून फिरलो!" टिक्कू दारातून म्हणाला.
पारू हसली. कावळा उडून गेला. तिकडं पारूच्या आईनं त्याला एक मासळी टाकली. मग तोही गप्प.

दादानं पाठीमागं पाहिलं. "काय टिक्कू, घर बसलं का नीट?"
टिक्कूनं शेपटी हलवून पाहिली. "जरा सैल आहे."
काकू म्हणाली, "असू दे राजा. वाढत्या अंगाचं घ्यावं!"

आजोबांनी नव्या घरात कूस बदलली. या कुशीवरून त्या कुशीवर. मग परत या कुशीवर. आणि झोपले. घुर्र... फुस्स. घुर्र... फुस्स.

पारू वाळूत बसली. दोन्ही कान मोकळे. समुद्र बोलत होता. पारू ऐकत होती. तिच्या अंगठ्यापाशी बसून टिक्कूही ऐकत होता.

नारळाएवढं आजोबांना,
आंब्याएवढं मामाला,
पेरूएवढं काकूला,
लिंबाएवढं दादाला,
बोराएवढं टिक्कूला.
मऊ शेपटी झाकली,
गोष्ट घरात शिरली!