बाराव्या कुंडीचं पाणी

देवसळच्या इटालियन बागेत येणारा प्रत्येक पाहुणा दोन प्रश्न विचारतो. तुम्हीही विचाराल, म्हणून आधीच सांगून टाकतो. बागेतलं हे एकुलतं एक दगडी बाक कारंज्याला आणि झाडांना पाठ दाखवून कोऱ्या भिंतीकडे तोंड करून का ठेवलंय, हा पहिला. आणि बारा कुंड्यांतल्या अकरा झाडांना लिंबं लगडलेली असताना सगळ्यांत हिरवंगार जे बारावं, त्याला एकही लिंबू का नाही, हा दुसरा. मागे एक साहेब आले होते. त्यांनी बाक चुकून उलटं बसलंय असं परस्पर ठरवलं आणि सहा माणसं लावून ते फिरवून घेतलं. त्यांची गाडी घाट उतरायच्या आत आम्ही ते होतं तसं केलं. तेव्हा बसा, आणि भिंतीकडे बघत ऐका.

इथे संस्थान होतं त्या काळातली ही गोष्ट. बाबासाहेब महाराजांनी कुणाकडे तरी इटलीतल्या एका बागेचं चित्र पाहिलं आणि तशी बाग आपल्या माळावर हवी, असं त्यांच्या मनाने घेतलं. राजाच्या मनात आलं की प्रजेच्या नाकी नऊ येतात, तसे आले. पायऱ्या झाल्या, कारंजं झालं, मेंदीची कुंपणं झाली. आणि इटलीहून पेत्रो नावाचा माळी लिंबाची बारा रोपं घेऊन आला. बोटीवर त्याने आपल्या वाट्याचं पिण्याचं पाणी त्यांना पाजलं म्हणे. त्यातली अकरा रोपं बाजारातून घेतलेली होती. बारावं त्याच्या आईच्या अंगणातल्या झाडाचं कलम होतं.

महाराजांनी त्याला शब्द दिला होता, आणि त्याच्याकडून घेतलाही होता. या झाडांचं पहिलं लिंबू ज्या दिवशी आमच्या ताटात पडेल, त्या दिवशी तुझ्या परतीची सोय करू. तोवर देवसळ सोडायचं नाही. पेत्रो हसला असेल. लिंबाला लिंबू यायला असा किती वेळ लागणार?

पाच वर्षं गेली. झाडं फोफावली, पानं तळहाताएवढी झाली, पण फूल म्हणून नाही. पाचव्या वर्षी दिवाळीनंतर त्याला गावाहून कागद आला की आई अंथरुणाला खिळली आहे, तुझं नाव घेते आहे. तिथून पेत्रोच्या पायाला भिंगरी लागली. कारंज्यापासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून कारंज्यापर्यंत तो सारखा येरझाऱ्या घालायचा. फरशीचा हा पट्टा त्याच्या बुटांनी झिजला, असं आमच्याकडे सांगतात. मला ते खरं वाटत नाही, पण नवी फरशीही मी घालू दिली नाही. त्याने महाराजांकडे रजा मागितली. महाराज म्हणाले, शब्द तो शब्द. मग त्याला एकच उपाय सुचला. त्याने झाडांचं पाणी दुप्पट केलं.

आता पाणी कसं यायचं ते बघा. दुपारी पेत्रो जेवायला गेला की हैबती मोटकरी विहिरीवर बैल जुंपायचा. मोटेचं पाणी या दगडी पाटाने यायचं आणि पाटाच्या बारा छिद्रांतून बारा कुंड्यांत पडायचं. मार्गशीर्ष लागला आणि झाडं माना टाकायला लागली. पेत्रोने कुंडीत बोट घातलं, तर वरची माती ओली आणि खाली कोरडी ठाक. कुणीतरी छिद्रांत चिखलाचे बोळे कोंबत होतं, आणि ते कळू नये म्हणून कुंडीवर ओंजळभर पाणी शिंपडत होतं.

बागेत चोर आहे म्हणून हलकल्लोळ झाला. कारभाऱ्यांनी डोकं चालवलं आणि दुपारी पाटाकडेच्या वाटेवर पीठ पसरवून ठेवलं, पावलं उमटतील म्हणून. पेत्रो जेवून आला तेव्हा पावलं नव्हती, आणि पीठही नव्हतं. वाट लखलखीत झाडलेली. एवढा मोठा कारभारी, पण बागेत झाडू कुणाच्या हातात असतो, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. पाणी हैबतीच्या हातात म्हणून हैबतीला धरलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती अशी. त्याला बायकापोरांसकट संस्थानाच्या हद्दीबाहेर घालवायचं ठरलं.

तेव्हा बाग झाडणारी ठकाबाई सदरेवर येऊन उभी राहिली. ही माझ्या पणजोबांची आई. तिच्या माहेरी लिंबाची बाग होती.

"महाराज, पानी म्या तोडलं. हैबतीला सोडा," ती म्हणाली.

महाराजांनी कारण विचारलं.

"सायबांनी झाडांस्नी मायेपायी रोज पोटभर पाजलं. झाडाला कशाची आबाळच न्हाई, मग त्ये फळ कशाला धरंल? लिंबाला ताण द्यावा लागतो, महाराज. जीव कासावीस झाला म्हंजी झाड फुलतं. सायबांना सांगाया गेले तर ऐकून घ्यायच्या आधीच झारी उचलायचे. म्हनून गुपचूप केलं. आन् पिठाचं म्हनाल, तर वाटंवर घाण दिसली, हात ऱ्हायला न्हाई."

महाराजांनी हैबतीला सोडलं आणि ठकाबाईला एकवीस दिवस दिले. झाडं मेली किंवा फळलीच नाहीत तर तिचं घर आणि घरामागचा मळा जाणार होता. तिने कबूल केलं, पण एक अट घातली. एकवीस दिवस साहेबांनी झाडांकडे बघायचं नाही. बघितलं की पाणी घालतील.

पेत्रोने गळ्यातल्या क्रुसाला हात लावून वचन दिलं. त्याने स्वतः माणसांबरोबर हात लावून हे बाक फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. पाठीमागे पानं गळाल्याचा आवाज यायचा. तो उठायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. माणूस नुसता बसून एवढा दमतो हे लोकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

अकराव्या दिवशी दुपारी ठकाबाई मेंदीआड झाडत होती. पेत्रो आपला प्यायच्या पाण्याचा तांब्या घेऊन उठला आणि उलट्या पावलांनी, भिंतीवरची नजर न काढता, मागे मागे आला. चाचपडत बाराव्या कुंडीपाशी थांबला आणि पाठीमागे हात करून त्याने तांब्या रिकामा केला. मग रोजच तो तसं करू लागला. वचन न बघण्याचं होतं, ते त्याने मोडलं नाही. ठकाबाई मेंदीआडून ते बघायची. तिचं घर पणाला लागलेलं होतं, तरी तिने त्याला अडवलं नाही.

एकविसाव्या दिवशी तिने बोळे काढले आणि हलकं पाणी दिलं. पंधरवड्याने पेत्रो बाकावरच बसला होता, सवयीने म्हणा की भीतीने म्हणा. मागून वास आला. तो वळला नाही. तिथेच बसून रडला, असं सांगतात.

अकरा झाडं फुलली होती. बारावं नुसतंच हिरवं होतं.

ज्येष्ठात महाराजांच्या ताटात लिंबू पडलं आणि पेत्रोची बैलगाडी जुंपली गेली. निघताना तो बाराव्या कुंडीपाशी थांबला. म्हणाला, "ठकाबाई, पुढच्या साली हिलाही ताण दे. माझ्याने झालं नाही."

"माज्यानं तरी कसं व्हईल, सायेब? थितं तुमची आई काय हालात हाय कुनाला ठावं. तुमी पोचा, आई बरी हाय म्हनून कागद धाडा, मग देते."

कागद पाठवतो म्हणून तो गेला. घाटाच्या वळणापर्यंत मागे वळून बघत होता.

कागद आला नाही. बोट पोचली की नाही, आई भेटली की नाही, कुणालाच कळलं नाही. दर मार्गशीर्षात ठकाबाई अकरा छिद्रांत बोळे घालायची. बाराव्यापाशी तिचा हात जायचा आणि परत यायचा. शेवटच्या आजारात, शुद्ध हरपत असताना, तिने मुलाला एवढंच विचारलं म्हणे, कागद आला का?

आजही मार्गशीर्षात आम्ही अकरा छिद्रं चिखलाने बुजवतो, आणि एकवीस दिवस घरातलं कुणीतरी आळीपाळीने या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसतं. झाडं आता ती नाहीत, त्यांच्याच कलमांची कलमं आहेत. शेतकी शाळेत शिकलेली माझी सून म्हणते, मामंजी, एकदा बाराव्यालाही ताण देऊन बघू, माघात फुलेल. फुलेल, मला ठाऊक आहे. पण टपालवाला फाटकाशी आला की मी त्याला विचारतो. तो नाही म्हणतो. मग मी जाऊन बाराव्या कुंडीत पाणी घालतो.