गजकर्णाचा शेला

एका राज्यात, जिथे पाऊस आठ महिने मुक्काम करी आणि पक्षी माणसांशी माणसांच्या भाषेत बोलत, कुंभकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. त्याने एका जादूगाराला युद्धात जिंकले आणि त्याच्या भुयारातल्या खजिन्यातून एक जरीचा शेला आणला. मरता मरता जादूगार म्हणाला, "राजा, हा शेला ज्याच्या अंगाला लागेल, त्याच्या अंगावर वलय उमटेल. जितके झाकाल, तितके ते पसरेल."

राजा हसला. विजयाच्या दिवशी त्याने तो शेला आधी स्वतःच्या मस्तकाला गुंडाळला, मग कौतुकाने आपली कन्या इंदुलेखा हिच्या कमरेला बांधला.

पंधरवडा गेला. इंदुलेखेच्या कमरेवर सुपारीएवढा लाल डाग उठला. तो कड्यासारखा रुंदावत चालला. कड उंच, खरखरीत, कोंडा सुटणारी आणि मधली कातडी मात्र साफ. खाज अशी, की सभेत बसणे कठीण व्हावे. तिने कोणाला सांगितले नाही. तिची दाई भिवरा रोज तिची ओली वस्त्रे उचली, तिच्याच पंच्याला हात पुसी. महिना भरला तेव्हा भिवरेच्या मनगटावर तसेच कडे दिसले. मग वाड्यात दिसले, मग नगरात घरोघर. लोक म्हणू लागले, कातडीखाली किडा वेटोळे घालून बसला आहे. हे गजकर्ण म्हणजे पापाची खूण.

राजाने दवंडी पिटवली: ज्याच्या अंगावर वलय दिसेल, त्याने नदीपलीकडच्या खाजणात, भरतीच्या दलदलीत, जावे, पुन्हा परतू नये.

पहिल्या नावेत भिवरा होती. इंदुलेखा सज्जात उभी होती. भिवरेने वर पाहिले आणि ती म्हणाली, "ताईसाहेब, जपून असा." इंदुलेखेची कंबर त्या क्षणीही खाजत होती. एक शब्द बोलली असती तर नाव थांबली असती. ती बोलली नाही, आणि नाव गेली.

दरबारी मांत्रिक कालकंठ याच्याकडे ती गुपचूप गेली. त्याने शीतलेप दिला. घटकेत खाज थांबली, लाली उतरली. लेप संपताच वलय दुप्पट होऊन आले. तिने पुन्हा लेप मागितला. वलय पोटावर चढले. तिसऱ्यांदा मागितला, ते गळ्यापाशी आले आणि त्याची कडही ओळखू येईना.

"महाराज कालकंठ, आता काय?"

"आता माझ्यापाशी काही नाही, राजकन्ये."

तिने अन्न टाकले. एका दुपारी ती नदीच्या डोहाशी जाऊन उभी राहिली. पाण्यात पाऊल घालणार, तोच करवंदीच्या जाळीतून भारद्वाज पक्षी बोलला, "तुझ्या अंगात किडा नाही. ओल धरलेल्या भिंतीवर बुरशी येते, तशी ही अंगावरची बुरशी आहे. जादूगाराने ती शेल्यात पेरली, इतकेच."

"म्हणजे मी पापी नाही?"

"वलय हे पाप नव्हे. भिवरा गेली तेव्हा तू गप्प राहिलीस, त्याला काय म्हणायचे ते तूच ठरव."

मग भारद्वाजाने तिला तीन कामे सांगितली.

पहिले काम: शेला आणि अंगाला लागलेले प्रत्येक वस्त्र उकळून कडक उन्हात वाळवावे, आणि एकाचा कपडा दुसऱ्याने वापरू नये. राज्यात ऊन नव्हते. इंदुलेखेने गाठोडे डोक्यावर घेतले आणि सात दिवस चालून ती सूर्यमाळावर चढली, जिथे सूर्य ताडाएवढ्या उंचीवर उभा असतो. उन्हात पडताच शेला विव्हळला आणि त्यातून करडी धूळ उडाली.

दुसरे काम: माळावरच्या कडूवृक्षाच्या सालीचे मलम, अंग धुऊन, कोरडे पुसून, वलयावर आणि कडेबाहेर दोन बोटांपर्यंत लावावे; महिनाभर, एकही दिवस न चुकवता. दहाव्या दिवशी खाज थांबली, पंधराव्या दिवशी डाग दिसेना. माळावर बरोबर आलेल्या भारद्वाजाला ती म्हणाली, "आता पुरे. भिवरेकडे जाऊ दे."

"डोळ्यांना दिसत नाही म्हणून गेले असे नाही," भारद्वाज म्हणाला. "अर्धे सोडलेस तर तिच्याकडेही तेच घेऊन जाशील."

तिने महिना पुरा केला, मलमाचे घडे भरले आणि ती खाजणात उतरली. चिखलात झावळ्यांची खोपटी होती, चार महिने न वाळलेली माणसे होती. एका म्हातारीला तिने विचारले, "भिवरा कुठे आहे?"

"गेली, बाई. गजकर्णाने कोणी मरत नाही. ओलीने ताप भरला, पोटात अन्न नव्हते." म्हातारी पुढे म्हणाली, "शेवटपर्यंत एकच विचारत होती. म्हणे, माझ्या हातचे माझ्या ताईला तर लागले नसेल ना?"

इंदुलेखा चिखलात बसली. सांज होईपर्यंत तिला उठवले नाही कोणी.

तिसरे काम उरले होते: भर सभेत आपले वलय आपल्या तोंडाने सांगावे, आणि पहिल्याने ज्याने लपवले त्याचे उघडे करावे. ती शेला हातात घेऊन सिंहासनासमोर उभी राहिली.

"आबासाहेब, भिवरेच्या आधी गजकर्ण मला झाले. भिवरेला ते माझ्यापासून लागले. मी गप्प राहिले आणि ती मेली."

राजा म्हणाला, "गप्प राहा."

"आता नाही. शेला आधी तुमच्या मस्तकाला लागला होता. मुकुट उतरवा."

राजाने मुकुट उतरवला. टाळूवर तळहाताएवढे टक्कल होते, केस मुळाशी तुटलेले, भोवती पांढरा कोंडा.

"मला वाटले, मी एकटाच आहे," राजा म्हणाला.

त्या क्षणी इंदुलेखेच्या हातातल्या शेल्याची जर सुटली आणि तो मातीसारखा भुरभुरला. शाप सरला. पण वलये एका दिवसात गेली नाहीत. घराघरातल्या सर्वांना, गोठ्यातल्या वासरांनासुद्धा, एकाच वेळी मलम लावले तेव्हा ती महिन्याने गेली. राजाच्या डोक्याला मलम पुरले नाही. त्याला दोन महिने कडू काढा प्यावा लागला. दवंडी मागे फिरली, नावा मागे फिरल्या, माणसे घरी आली. शीतलेप राज्यात निषिद्ध झाला.

शेवटच्या नावेतून राजा बोडक्या डोक्याने खाजणात गेला. "भिवरेला कुठे पुरले?" त्याने विचारले.

म्हातारीने पाण्याकडे बोट केले. भरती तिथवर आली होती. इंदुलेखा गुडघाभर पाण्यात उतरली आणि तिने हाक मारली. ओ आली नाही.

राज्याचे कल्याण झाले, ऐकणाऱ्यांचेही होवो. जी परत आली नाही, तिचे नाव भिवरा.