कडीचा डाग

ज्या काळात चांदीची नाणी माणसांच्या अंगावर मिरवत, त्या काळातला एक रुपया फिरत फिरत जुन्या नाण्यांच्या दुकानात आला. पारखी वीरचंदशेटांनी त्याला भिंगाखाली धरलं.

"झीज चालली असती, पण इथे कडी जोडल्याचा डाग आहे. बाजूला ठेवा याला."

मखमलीवरचं कोरं करकरीत नाणं फिदीफिदी हसलं. "डागी कुठला!"

रुपयाला राग आला नाही. किती वर्षांनी तो शब्द कानावर पडला होता!

"माझी मालकीण गोजराई दागिन्याला डागच म्हणायची," तो म्हणाला. "जत्रेला निघाली की सुनेला हाक मारायची, 'माझा डाग आण गं, गळा ओका दिसतोय.' मग मी तिच्या गळ्यात. ती हसली की मीही हलायचो. लेक सासरी निघाली, तेव्हा तिनं मला मुठीत घट्ट धरलं होतं. मी झिजलो तो तिथंच."

"मग?"

"मग ती गेली. सोनारानं कडी काढली, डाग तेवढा राहिला."

कोऱ्या नाण्यानं अगदी हळू आवाजात विचारलं,

"गळा उबदार असतो का रे?"