गाळलेली ओळ

“एकच ओळ गाळली, बाबा! एका ओळीपायी एवढा राग?”

म्हातारे आयानलेरे ढोलाच्या चामडी दोऱ्या ओढून बांधत राहिले. दारात उभ्या असलेल्या कोलापोकडे त्यांनी मान वर करून बघितलंही नाही.

नायजेरियातल्या योरुबा लोकांत गुरूपुढे पोटावर आडवं व्हायची रीत आहे. कोलापोनं नुसता गुडघा वाकवला. पांढरीशुभ्र विजार मळली असती ना त्याची! बाबांकडे ढोल शिकणाऱ्या माझं तर तिथेच डोकं फिरलं.

हा कोलापो म्हणजे काही लहानसहान गवई नव्हे. लागोसपासून अक्रापर्यंत टॅक्सीत, लग्नात, न्हाव्याच्या दुकानात त्याचीच गाणी. त्याच्यासारखी टोपी तिरकी घालून, त्याच्यासारखी गिटार छातीशी धरून गाणारी पोरं गल्लोगल्ली. वीस वर्षांपूर्वी त्याचं पाण्याचं गाणं आलं आणि सरकारनं त्याला आठ महिने तुरुंगात डांबलं. त्यातली एक ओळ तेव्हा भिंतीभिंतीवर लिहिली गेली होती : ‘नळ तुमच्या अंगणात, घागर आमच्या डोक्यावर.’

आज संध्याकाळी त्याचा सत्कार होता, खुद्द गव्हर्नरसाहेबांच्या हस्ते. गाणं तेच म्हणायचं, फक्त ही ओळ सोडून. आणि साथीला हवा होता बाबांचा ढोल. बाबांचा ढोल असला की लोक शंका घेत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शहाणा कुठला!

“कुणी सांगितलं गाळायला?” बाबांनी विचारलं.

“सांगितलं नाही. सुचवलं.”

“आणि तू लगेच ऐकलंस.”

“मग काय करू?” कोलापो भडकला. “आठ महिने मी भोगलेत, बाबा! तुम्ही नव्हता तिथं. गाणं माझं, ओळ माझी. ठेवीन, नाहीतर काढीन!”

“तुझी?”

“माझी!”

बाबांचे हात थांबले...

ते उठले, ढोल काखेत मारला आणि तरातरा बाहेर बाजारात आले. कोलापो मागोमाग.

तो ढोल कमरेत बारीक असतो. दोऱ्या दाबल्या की आवाज चढतो, सोडल्या की उतरतो. योरुबा बोलीतले शब्दही असेच चढतात-उतरतात. त्यामुळे ढोल काय बोलतोय ते तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

बाबांनी त्याच गाण्यातली आधीची ओळ वाजवली. ‘साहेब, आमचं एवढंच विचारणं...’

आणि काठी वरच धरली.

कणसं भाजणाऱ्या बाईनं मान वर न करता, पंखा हलवत म्हटलं, “नळ तुमच्या अंगणात...”

“घागर आमच्या डोक्यावर!” शिंपी मशीनवरून ओरडला. मग मोटारसायकलवाले, मग मिरच्या विकणाऱ्या, मग सगळेच. कुणीतरी डबा बडवायला लागलं. कोलापोकडे एकानंही वळून बघितलं नाही.

त्यानं काळा चष्मा काढला.

बाबांनी ढोल त्याच्या खांद्यावर अडकवला, काठी हातात कोंबली.

“जा,” ते म्हणाले. “आता गाळून दाखव.”