ओंजळभर हौदाचं पाणी

"मीटर शून्य दाखवतोय, बाबा. मग मासे मरतात कसे?"

डॉ. मृणाल हेर्लेकर पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. पाण्याबद्दल लोक त्यांना विचारायचे. त्या कुणाला विचारत नसत. आज मात्र त्या नदीकाठच्या तकियात, यासीनबाबा फकिरांच्या मठीत, त्यांच्या पुढ्यात बसल्या होत्या. शोभेचे मासे विकणाऱ्यानं पाठवलं होतं. बाबांच्या दगडी हौदात मासे वर्षानुवर्षं जगतात, म्हणाला होता.

बाईंच्या मांडीवर काचेची बरणी होती. तीत एकच गोल्डफिश, आडवा व्हायला आलेला.

"किती होते?" बाबांनी विचारलं.

"बारा. हा शेवटचा. वडिलांसाठी आणले होते. अर्धांगवायू झाल्यापासून ते बोलत नाहीत. नुसते टाकीकडे बघत राहतात. एखादा मेला की दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतात."

"मग तू काय केलंस?"

"पाणी आणखी शुद्ध केलं. दोनदा फिल्टर करत होते, ते तीनदा. क्षार नाहीत, जंतू नाहीत, क्लोरीन नाही..."

"तरी मेले?"

"तरी मेले. मग चारदा केलं."

बाबा बरणीतल्या माशाकडे बघत राहिले.

बाईंना ते सहन होईना. त्या उठल्या आणि त्यांनी आपला मीटर हौदात बुडवला. पाण्यात विरघळलेलं सगळं मोजणारा तो मीटर भराभर चढत चारशेवर गेला. कडेला शेवाळ, वर चिंचेचा पाला. आणि खाली लाल मासे सुळसुळ फिरत होते.

मीटर पुसून पुन्हा बुडवला. आकडा तोच.

"हे पाणी माझ्याकडे आलं असतं, तर मी नापास केलं असतं."

"त्यांना सांग," बाबा हौदाकडे बोट करून म्हणाले.

मग त्यांनी बरणी जवळ ओढली. तिच्यातलं ओंजळभर पाणी बाहेर टाकलं. हौदातलं ओंजळभर घेतलं.

बाईंनी त्यांचं मनगट धरलं. "बाबा, हा एकच उरलाय!"

बाबांनी हात सोडवला नाही. नुसते थांबले.

मासा कलंडला...

बाईंची बोटं आपोआप सुटली.

ओंजळ बरणीत रिकामी झाली. बऱ्याच वेळानं दुसरी. मग तिसरी. दुपार कलली. माशाचे कल्ले आधी मंद, मग नीट हलू लागले. तो सरळ झाला. तरंगत आलेल्या शेवाळाच्या तुकड्याला त्यानं तोंड लावलं.

बाईंनी बरणीत मीटर धरला. आकडा चढला होता. मासा मीटरलाच ढुसण्या देत होता.

हसावं की रडावं, त्यांना कळेना.

"तुम्ही यात घातलंत काय?"

"पाणी."

"आणि मी काय घालत होते?"

बाबा ओले हात कफनीला पुसत राहिले.

"बाबा, तीस वर्षं मी लोकांना शुद्ध पाण्याचे दाखले देतेय. आता मला सांगा... शुद्ध पाणी म्हणजे नेमकं कोणतं?"

बाबांनी बरणी उचलून हलकेच त्यांच्या हातात दिली.

"मासा गेल्यावर उरतं ते."